फुकटची किल्ली आणि गावाचे दप्तर

(पंचायत सचिव, शिक्षक आणि नागरिक यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

गावच्या कारभारात संगणकाचा प्रवेश होऊन आता बराच काळ लोटला आहे. जन्ममृत्यूच्या नोंदी, घरपट्टीचे खाते, ग्रामसभेचे इतिवृत्त, विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा आणि गुणपत्रके हे सारे दप्तर पूर्वी कुलूपबंद कपाटात असे, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असे. आज त्या दप्तराचा मोठा भाग टेबलावरील संगणकात जाऊन बसला आहे. पंचायतींना मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतील देयके ई-ग्रामस्वराज या व्यवस्थेतून डिजिटल स्वाक्षरीने चुकती होतात; शाळांची माहिती यूडायस प्लस या व्यवस्थेत भरली जाते. कपाटाच्या किल्लीची जेवढी काळजी घेतली जात असे, तेवढी या नव्या कपाटाच्या किल्लीची घेतली जाते काय, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

हा प्रश्न उपस्थित होण्याचे कारण वरकरणी अगदी क्षुल्लक आहे. संगणकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात एके दिवशी फिकट अक्षरांत सूचना उमटते की, विंडोज सक्रिय करून घ्यावे. काम थांबत नाही, परंतु ती अक्षरे डोळ्यांना खुपतात. मग कोणीतरी जाणकार म्हणविणारा गृहस्थ खिशातून पेन ड्राइव्ह काढतो, पाच मिनिटे काहीतरी करतो आणि सूचना नाहीशी होते. पैसा पडला नाही, अर्जविनंती करावी लागली नाही, काम झाले, असे सर्वांना वाटते. त्या पाच मिनिटांत नेमके काय घडले, हे पाहणे अगत्याचे आहे.

परवाना आणि सक्रियण

संगणकातील यंत्रभाग आणि आपण वापरतो ते कार्यक्रम यांच्यामध्ये जी मूळ व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कोणता कार्यक्रम चालावा, कोणती फाईल कोणी उघडावी, पासवर्ड कोठे जपून ठेवावा, बाहेरून आलेल्या वस्तूला आत घ्यावे की नाही, हे सारे तीच ठरविते. पंचायत घरातील सचिव आणि पहारेकरी ही दोन्ही कामे ती एकटीच करते, असे म्हटले तरी चालेल. भारतातील बहुसंख्य कार्यालयीन संगणकांवर ही व्यवस्था मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीची विंडोज असते.

विंडोज विकत घेणारा वस्तुतः ती वापरण्याचा परवाना विकत घेतो. एका परवान्यावर दहा संगणक चालविले जाऊ नयेत म्हणून सन २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर सक्रियणाची, म्हणजेच ॲक्टिव्हेशनची, पद्धत सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत आली. संगणक आपल्या यंत्रभागांची एक खूण कंपनीकडे पाठवितो. परवान्याचा क्रमांक त्या खुणेशी जुळला की सक्रियण पूर्ण होते. मोठ्या संस्थांसाठी वेगळी सोय आहे. तिला के.एम.एस. या आद्याक्षरांनी ओळखतात. जेथे किमान २५ संगणक आहेत, अशी संस्था आपल्याच आवारात एक सर्व्हर ठेवते आणि बाकीचे संगणक कंपनीकडे न जाता त्या सर्व्हरकडून संमती घेतात. ही संमती १८० दिवस टिकते आणि संगणक दर ७ दिवसांनी तिचे नूतनीकरण करून घेण्याचा प्रयत्न करतो. विद्यापीठे, बँका, मोठी शासकीय कार्यालये यांच्या सोयीसाठी निर्माण झालेली ही व्यवस्था अत्यंत उपयुक्त आहे. परंतु पळवाट शोधणाऱ्यांनी नेमकी तीच हेरली.

पळवाटेचे तीन प्रकार

सक्रियणाला बगल देणारी साधने ढोबळमानाने तीन प्रकारची आढळतात. पहिला प्रकार विंडोज ७ च्या काळात बोकाळला होता. संगणक सुरू होण्याच्या अगदी पहिल्या क्षणी हे साधन जागे होई आणि हा संगणक नामांकित कंपनीने परवान्यासह विकलेला आहे, अशी खोटी खूण विंडोजपुढे उभी करी. म्हणजे पहारेकरी जागा होण्यापूर्वीच घरात शिरण्याची ती युक्ती होती.

दुसरा प्रकार बराच प्रचलित आहे. त्यात के.एम.एस.चा एक बनावट सर्व्हर संगणकाच्या आतच उभा केला जातो, किंवा परक्या माणसाने इंटरनेटवर चालविलेल्या सर्व्हरकडे संगणकाला वळविले जाते. संमती १८० दिवसांचीच असल्यामुळे ती वारंवार घेत राहावी लागते. यास्तव असे साधन एकदा काम करून निघून गेले, असे होत नाही. पुष्कळ वेळा ते पडद्याआड ठाण मांडून बसते आणि संगणकाच्या सर्वोच्च अधिकाराने ठराविक वेळी जागे होत राहते.

तिसरा प्रकार सर्वांत घातक होय. यात अख्खी विंडोजच आधी फेरफार करून, सक्रिय केलेली अशी वाटली जाते. घर बांधून हाती येण्यापूर्वीच त्याच्या भिंतीत कोणी काय पुरून ठेवले आहे, हे घरमालकाला कळण्याचा मार्गच उरत नाही. डॉक्टर वेब या रशियन सुरक्षा कंपनीने जून २०२३ मध्ये असेच उदाहरण उजेडात आणले. विंडोज १० च्या काही चोरट्या प्रतींमध्ये आभासी चलनाची चोरी करणारा कार्यक्रम दडविलेला होता, आणि तो अशा विभागात उतरविला जात होता की जेथे संगणक सुरू करण्यापुरतीच माहिती असते आणि जेथे सामान्य अँटिव्हायरस सहसा डोकावत नाही.

मानस उघडणारा हात

गोव्यातील खाजन शेतीच्या गावांना मानस म्हणजे काय हे सांगावयास नको. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर पडावे, म्हणून बांधात बसविलेले ते लाकडी दार असते. कोणी मासळीच्या लोभाने भरतीच्या वेळी मानस उघडी ठेवली, तर मासळी एकाच्या टोपलीत पडते आणि खारे पाणी मात्र साऱ्यांच्या शेतात शिरते. पाणी ओसरले तरी मिठाचा अंश जमिनीत राहतो आणि पुढची पिके घटतात. सक्रियणाला बगल देणाऱ्या साधनाचा व्यवहार नेमका असाच आहे.

याचे मर्म एका गोष्टीत आहे. संगणकात शिरू पाहणाऱ्या इतर चोरांना काहीतरी फट शोधावी लागते. या साधनाला फट शोधावी लागत नाही. संगणकाचा धनी स्वतःच्या हाताने त्याला दार उघडून देतो. साधनासोबत येणाऱ्या सूचना पाहाव्यात. पहिली सूचना अशी की, अँटिव्हायरस काही काळ बंद करावा. दुसरी अशी की, कार्यक्रम ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालवावा. तिसरी अशी की, साधन ज्या फोल्डरमध्ये आहे ते तपासणीतून कायमचे वगळावे. पहारेकऱ्याला रजा, पाहुण्याला तिजोरीची किल्ली आणि एका खोलीकडे पुन्हा कधी न पाहण्याचे वचन, असा या तीन सूचनांचा सरळ अर्थ आहे.

अँटिव्हायरस अशा साधनाला पाहून ओरडतो तेव्हा पेन ड्राइव्हवाला सांगतो की, ही खोटी ओरड आहे. परवान्याच्या पळवाटेमुळे ती होते, त्यात विषाणू नाही. या म्हणण्यात अर्धे सत्य असू शकते आणि तेच अधिक धोक्याचे आहे. विंडोजमधील संरक्षण-व्यवस्था या साधनांना ती केवळ पळवाटेची साधने आहेत म्हणूनही अडविते. परंतु त्यात खराखुरा चोर लपलेला असला, तरीही ओरड तशीच होणार. दोन्ही प्रसंगी पहारेकऱ्याची हाक एकच ऐकू येते आणि दोन्ही प्रसंगी ती दुर्लक्षावी असे आधीच शिकविलेले असते. प्रत्येक साधनात विषाणू असतोच असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. पण आपल्या हाती आलेल्या प्रतीत तो आहे की नाही, हे ओळखण्याचा उपाय वापरणाऱ्यापाशी नसतो. एकाच नावाची अनेक साधने निरनिराळ्या ठिकाणी मिळतात. त्यांतील मूळ कोणते, नक्कल कोणती, आणि मूळ म्हणजे तरी कोणाचे, याला जबाबदार असा कोणी धनी नाही. तक्रार करावी तर कोणाकडे?

घडलेले प्रकार

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये दाखवून दिले की, के.एम.एस.पिको या सुप्रसिद्ध पळवाट-साधनाच्या नावाखाली क्रिप्टबॉट हा चोरटा कार्यक्रम पसरविला जात आहे. तो ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड आणि आभासी चलनाच्या पाकिटांतील माहिती उचलून नेत असे. वापरणाऱ्याला मागितलेली वस्तूही मिळत असे, म्हणजे विंडोज सक्रिय झालेले दिसे. त्यामुळे संशयाला जागाच राहत नसे.

दक्षिण कोरियाच्या पोलिसांनी डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेले प्रकरण याहूनही बोलके आहे. लिथुएनियाच्या एका नागरिकाला जॉर्जिया या देशातून ताब्यात घेऊन कोरियात आणण्यात आले. पोलिसांच्या आरोपानुसार, त्याने एप्रिल २०२० ते जानेवारी २०२३ या काळात के.एम.एस.ऑटो या साधनाच्या रूपात चोरटा कार्यक्रम दडवून त्याच्या सुमारे २८ लाख प्रती जगभर वाटल्या. कोणी पैसे पाठविण्यासाठी आभासी चलनाच्या खात्याचा लांबलचक पत्ता उतरवून घेऊन दुसरीकडे डकवू लागला की, हा कार्यक्रम मधल्या मध्ये तो पत्ता बदलून चोराचा पत्ता घालीत असे. अशा रीतीने सुमारे १७० कोटी वोन एवढ्या मूल्याची मालमत्ता लंपास झाल्याचे पोलिसांचे म्हणणे आहे. पैसे पाठविणाऱ्याने बोटांनी योग्य तीच कळ दाबली होती; चूक त्याच्या हाताची नव्हती, हाताखालच्या यंत्राची होती.

तिसरे उदाहरण शासकीय कार्यालयांना विशेष विचार करावयास लावणारे आहे. युक्रेनमध्ये युद्धकाळात चोरट्या विंडोजचा हत्यारासारखा वापर झाला. मँडियंट या सुरक्षा कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये उघड केले की, युक्रेनी भाषेतील विंडोज १० ची फेरफार केलेली प्रत इंटरनेटवर फुकट ठेवण्यात आली होती, आणि ती बसविणाऱ्यांमध्ये तेथील शासकीय संस्थांचे संगणक निघाले. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये इक्लेक्टिकआयक्यू या संस्थेने सांगितले की, रशियाच्या लष्करी गुप्तवार्ता खात्याशी संबंधित मानला जाणारा सँडवर्म हा गट युक्रेनमधील संगणकांवर हेरगिरी करण्यासाठी बनावट के.एम.एस. साधनेच पसरवीत आहे. शत्रूला फौज पाठवावी लागली नाही. परवान्याचे पैसे वाचविण्याची सवय कार्यालयांत रुजलेली आहे, एवढे त्याला ठाऊक असणे पुरेसे होते.

चौथे उदाहरण ऑपरेटिंग सिस्टिमचे नसून चोरट्या सॉफ्टवेअरचे आहे. परंतु शिक्षकांनी ते अवश्य ध्यानात ठेवावे. युरोपातील एका जैवरेणू संशोधन संस्थेत काम करणाऱ्या विद्यार्थ्याला माहितीची चित्ररूप मांडणी करणारे एक महागडे सॉफ्टवेअर हवे होते. त्याने त्याची चोरटी प्रत मिळविली. संरक्षण-व्यवस्थेने विरोध केला तेव्हा ती बंद केली. आत शिरलेल्या कार्यक्रमाने त्याचा संस्थेतील पासवर्ड चोरला. तेरा दिवसांनी त्या पासवर्डने कोणी अपरिचित संस्थेच्या जाळ्यात शिरला आणि आणखी दहा दिवसांनी रयूक नावाच्या खंडणीखोर कार्यक्रमाने संस्थेच्या फाईली कुलूपबंद केल्या. सोफॉस या कंपनीने मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या हकिकतीनुसार, संस्थेचे एक आठवड्याचे संशोधन कायमचे गेले आणि सारे संगणक नव्याने उभे करावे लागले. विद्यार्थी एक, संगणक त्याचा स्वतःचा. नुकसान मात्र साऱ्या संस्थेचे.

अद्ययावतीकरणाचा प्रश्न

आणखी एक हानी हळूहळू होते आणि म्हणून ती लक्षात येत नाही. सक्रियणाची पळवाट उघडकीस येईल या भीतीने अनेक ठिकाणी विंडोजचे अद्ययावतीकरण, म्हणजे वेळोवेळी येणाऱ्या दुरुस्त्या, बंद करून ठेवल्या जातात. पळवाट टिकते, पण नव्याने सापडलेल्या फटी उघड्याच राहतात.

याची किंमत जगाने सन २०१७ मध्ये मोजली आहे. विंडोजमधील एका गंभीर फटीवर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती दिली. त्यानंतर जवळजवळ दोन महिन्यांनी, १२ मे २०१७ रोजी, वॉनाक्राय हा खंडणीखोर कार्यक्रम त्याच फटीतून शिरला आणि सुमारे १५० देशांत पसरला. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालयांत रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्याचा तेथील शासकीय लेखापरीक्षकांचा अंदाज आहे. तेथे दोष चोरट्या परवान्याचा नव्हता, दुरुस्ती वेळेवर न बसविण्याचा होता. तथापि जो जाणूनबुजून दुरुस्त्यांचे दारच बंद करतो, तो आपला संगणक कायमचा त्याच अवस्थेत ठेवतो, हे उघड आहे.

कायदा काय सांगतो

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने संगणकीय कार्यक्रमाला साहित्यकृतीप्रमाणेच संरक्षण दिले आहे. त्यातील कलम ६३-ब नुसार, कार्यक्रमाची प्रत अनधिकृत आहे हे माहीत असूनही संगणकावर तिचा वापर करणाऱ्यास किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारी लाभासाठी नसेल, तर कारावास न देता ५० हजार रुपयांपर्यंत दंड करण्याची मुभा न्यायालयाला आहे. सन २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ आणखी पुढे जाते. हक्कभंगाच्या हेतूने संरक्षणाच्या तांत्रिक उपायाला बगल देणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कारावास आणि दंड, अशी त्यात तरतूद आहे. दुकानदाराने बसविले, आम्हांला ठाऊक नव्हते, हे सांगणे नागरिकाला कदाचित शोभेल. ज्याच्या ताब्यात गावाचे दप्तर आहे, त्या कार्यालयप्रमुखाला ते शोभणार नाही.

खर्च आणि सनदशीर मार्ग

एवढे ऐकल्यावर शाळेचा मुख्याध्यापक किंवा पंचायतीचा सचिव म्हणेल की, उपदेश ठीक आहे, पण पैसा कोठून आणावा? हा प्रश्न रास्त आहे. परवाना स्वस्त नाही आणि लहान संस्थेच्या अंदाजपत्रकात त्याला जागा नसते. तरीही मार्ग आहेत, आणि त्यांतील काहींना एक पैसाही लागत नाही.

पहिली गोष्ट अशी की, पुष्कळदा परवाना विकत घेतलेलाच असतो आणि दुरुस्तीच्या दुकानात तो हातचा जातो. विंडोज ८ च्या काळापासून नामांकित कंपन्यांच्या बहुतेक संगणकांत परवान्याचा क्रमांक यंत्रातच नोंदलेला असतो. संगणक फॉरमॅट मारल्यावर तीच आवृत्ती पुन्हा बसविली, तर ती इंटरनेट जोडताच आपोआप सक्रिय होते. परंतु संगणकासोबत होम आवृत्ती आलेली असताना दुरुस्ती करणारा सवयीने प्रो आवृत्ती बसवितो; मग क्रमांक जुळत नाही आणि तो पळवाट वापरतो. म्हणजे धन्याने पैसे देऊन घेतलेली वस्तू टाकून त्याला चोरीची वस्तू दिली जाते. फॉरमॅट करण्यास देण्यापूर्वी मूळ आवृत्ती कोणती हे लिहून घ्यावे आणि तीच बसविण्यास निक्षून सांगावे. विंडोज बसविण्याची फाईल मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते, तेव्हा कोणाच्या पेन ड्राइव्हवर विसंबण्याचे कारण नाही. मदरबोर्ड बदलला, तर मात्र जुना परवाना जुळेलच असे नाही. यासाठी दुरुस्तीपूर्वीच विचारणा करावी.

दुसरी गोष्ट म्हणजे खरेदीच्या वेळची दक्षता. संगणकाच्या निविदेत परवान्यासह ऑपरेटिंग सिस्टिम असे स्पष्ट लिहावे आणि देयकावर तिचा वेगळा उल्लेख मागावा. काही शे रुपयांत परवान्याचा क्रमांक विकणाऱ्या जाहिरातींना भुलू नये. असे क्रमांक पुष्कळदा दुसऱ्या संस्थेला दिलेल्या सामूहिक परवान्यातून बाहेर काढलेले असतात आणि कंपनीने ते रद्द केले की पैसेही जातात.

तिसरा मार्ग मुक्त सॉफ्टवेअरचा. लिनक्सवर आधारलेल्या अनेक ऑपरेटिंग सिस्टिम परवान्याच्या शुल्काविना मिळतात. त्यांत सक्रियण हा प्रकारच नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्रीय संस्थेने बॉस या नावाने अशी एक प्रणाली विकसित केली असून तीत मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. केरळ राज्याने आपल्या शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले आहे, हे शिक्षकांनी लक्षात घेण्याजोगे आहे. विंडोज १० चा नियमित सुरक्षा-पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला; ज्या जुन्या संगणकांवर पुढची आवृत्ती चालत नाही, त्यांपैकी पुष्कळांना लिनक्स नवे आयुष्य देऊ शकते. अर्थात डिजिटल स्वाक्षरीचे उपकरण, छपाईयंत्र आणि शासकीय कामाचे विशिष्ट कार्यक्रम तेथे चालतात की नाहीत, याची आधी एका संगणकावर चाचणी घ्यावी.

आणि यांपैकी काहीच तूर्त जमत नसेल, तर एवढे तरी जाणावे की, विंडोज १० वा ११ सक्रिय नाही म्हणून संगणक लगेच बंद पडत नाही. कोपऱ्यातील सूचना दिसत राहते, पडद्याची सजावट बदलता येत नाही, पण काम चालते. तो कायमचा मार्ग नव्हे आणि परवान्याला पर्यायही नव्हे. मात्र रीतसर मागणीपत्र पाठवून मंजुरी येईपर्यंत त्या फिकट अक्षरांकडे पाहत काम करणे, ही लाजेची बाब नाही. ती अक्षरे पुसण्यासाठी परक्याला तिजोरी उघडून देणे, ही लाजेची बाब आहे.

संशय आल्यास काय करावे

संगणकाच्या सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन हे पान असते. घरच्या किंवा लहान शाळेच्या संगणकावर तेथे संस्थेच्या सक्रियण-सेवेद्वारे सक्रिय, अशा अर्थाचे वाक्य दिसले आणि अशी सेवा चालविणारी कोणतीही संस्था मागे नसेल, तर पळवाट वापरली गेल्याचा दाट संशय धरावा. अँटिव्हायरसच्या तपासणीतून एखादे फोल्डर वगळलेले आहे काय, आणि अद्ययावतीकरण बंद आहे काय, हेही पाहावे.

संशय बळावल्यास प्रथम तो संगणक इंटरनेटपासून तोडावा आणि डिजिटल स्वाक्षरीचे उपकरण काढून घ्यावे. महत्त्वाचे पासवर्ड त्याच संगणकावरून बदलू नयेत. दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावरून बदलावेत. दस्तऐवजांची प्रत काढून ठेवावी, कार्यक्रमांची काढू नये. त्यानंतर डिस्क पूर्ण पुसून अधिकृत प्रत नव्याने बसवावी. नुसत्या अँटिव्हायरसच्या तपासणीवर समाधान मानू नये, कारण ज्याला एकदा सर्वोच्च अधिकार मिळाला, त्याने मागे काय ठेवले याची हमी तपासणी देऊ शकत नाही. केंद्र शासनाच्या सायबर स्वच्छता केंद्राने तपासणीची साधने विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत. ती पहिल्या पाहणीसाठी उपयोगी पडतात. पैशांची फसवणूक झाली असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. कार्यालयातील माहिती चोरीस गेल्याचा संशय असेल, तर वरिष्ठांना त्वरित लेखी कळवावे. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांनी अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत त्या संस्थेला कळविणे बंधनकारक आहे. प्रकरण दडपून ठेवण्यास तेथे वाव नाही.

आणि ज्या कर्मचाऱ्याने पूर्वी कधी अजाणता असे साधन बसवून घेतले असेल, त्याला दोष देण्याऐवजी ते सांगण्याचे धैर्य द्यावे. शिक्षेच्या भीतीने लपविलेला संगणक हा उघड केलेल्या संगणकापेक्षा कितीतरी पटींनी धोकादायक असतो.

समारोप

श्रोतेहो, या साऱ्या विवेचनाचे सार थोडक्यात सांगता येईल. परवान्याचे पैसे वाचतात ते एका माणसाचे किंवा एका कार्यालयाचे. संगणकात जे साठविलेले असते ते मात्र इतरांचे असते: विधवेच्या अर्जावरील बँक खात्याचा क्रमांक, मुलीची जन्मतारीख, शेतकऱ्याच्या आधारपत्राची प्रत, पंचायतीच्या निधीवरील स्वाक्षरी. त्या माणसांनी कोणालाही पाच मिनिटांची पळवाट वापरण्याची संमती दिलेली नसते. आपली वस्तू धोक्यात घालण्याचा अधिकार प्रत्येकाला असेल. दुसऱ्याची ठेव धोक्यात घालण्याचा अधिकार कोणालाच नाही.

शिक्षकांवर याहून एक मोठी जबाबदारी आहे. मुले शिकतात ती फळ्यावरून जेवढी, तेवढीच गुरुजींच्या वागण्यावरून. ज्या वर्गात प्रामाणिकपणाचा पाठ चोरट्या संगणकावर दाखविला जातो, तेथे मुले कोणता पाठ उचलतील हे सांगावयास नको. उलट, आमच्या शाळेत परवाना परवडत नाही म्हणून आम्ही मुक्त प्रणाली शिकतो, असे सांगणारा शिक्षक मुलांना संगणकही शिकवितो आणि सचोटीही.

गावाच्या कपाटाची किल्ली आजवर विश्वासू हातांत राहिली, म्हणूनच जुनी दप्तरे आपल्यापर्यंत सुरक्षित पोहोचली. नव्या कपाटाची किल्लीही तशाच हातांत राहावी. कार्यालयप्रमुखांनी, मुख्याध्यापकांनी आणि घरोघरच्या संगणकधारकांनी पहिल्या सवडीला आपापल्या संगणकाचे ॲक्टिव्हेशनचे पान उघडून पाहावे आणि तेथे जे दिसेल त्यानुसार पुढचे पाऊल उचलावे. त्यासाठी कोणत्याही आदेशाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.